कड्यावरचा माणूस

विनय सबनीसला घराबाहेर कुणी उघड्या अंगानं पाहिलेलं नव्हतं. अगदी शाळकरी वयापासून नाही. आठवीत असताना त्याच्या कोपरांवर आणि पाठीवर लालसर चट्टे उठले, त्यांवर पांढरी खपली धरायला लागली, आणि साताऱ्याच्या डॉक्टरांनी 'सोरायसिस' असं नाव सांगितलं. वर्गातल्या पोरांना ते नाव अवघड गेलं, म्हणून त्यांनी स्वतःचं सोपं नाव शोधलं, खवल्या. त्या दिवसापासून विनयच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत उतरल्या त्या कायमच्या. विहिरीवर पोहायला तो गेला नाही, कॉलेजच्या ट्रिपला गोव्याला गेला तेव्हा वाळूत बूट घालून बसला. पुढे अमेरिकेत आला, लग्न झालं, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टाउनहाउस घेतलं, तरी तेच. तिथल्या मराठी मंडळाच्या जुलैमधल्या पिकनिकला सगळे पुरुष हाफपँटमध्ये ग्रिलभोवती उभे असायचे आणि विनय मात्र गळ्यापर्यंत बटणं लावून व्हॉलीबॉलचे पॉइंट मोजत बसायचा. 'आमचे सभ्य सबनीस' असं लोक कौतुकानं म्हणत.

दोन हजार दोनमध्ये त्याची कंपनी बुडाली. घरी बसून रेझ्युमे पाठवायचे आणि फोनची वाट पाहायची, एवढंच काम उरलं. काळजीनं चट्टे आणखी पसरले. डॉक्टरीण म्हणाली, ऊन घे, समुद्राचं पाणी घे, औषधापेक्षा त्यानं जास्त फरक पडेल. मग एका सकाळी बायको नेत्रा कामावर आणि मुलगी अंतरा शाळेत गेल्यावर तो गाडी काढून निघाला, खाडीवरचा पूल ओलांडला, डोंगर उतरून समुद्राच्या रस्त्याला लागला आणि माणसं दिसणार नाहीत अशी जागा शोधत शोधत एका पायवाटेनं कड्याखाली उतरला.

माणसं होती. पंधरा-वीस असतील, दूरदूर पसरलेली, आणि एकाच्याही अंगावर कपडा नव्हता.

विनय आल्या पावली वर गेला. गाडीत बसून कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून राहिला. ओशाळवाणं वाटत होतं, थोडी किळसही आली होती. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात जे रुतून बसलं ते उघडं अंग नव्हतंच. एक म्हातारा पाण्यातून बाहेर आला होता, पोटावर ऑपरेशनची भलीमोठी शिवण, आणि तो लोकांमधून चालत गेला तेव्हा एकानंही मान वळवून पाहिलं नव्हतं. ते त्याला विसरता येईना.

पुढच्या आठवड्यात तो परत गेला. त्या दिवशी फक्त शर्ट काढला. त्याच्या जवळच एक जाडजूड म्हातारी शब्दकोडं सोडवत पडली होती. तिचं नाव डोरोथी, शाळेत लायब्ररियन होती, आता निवृत्त. तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं असेल-नसेल, बोलली एवढंच, "दुपारनंतर वारा सुटतो. टॉवेलवर दगड ठेव, नाहीतर उडून जाईल." विनयनं दगड ठेवले. मग पालथा पडला. पाठीवरून वारा गेला तेव्हा त्याला काय होतंय ते आधी कळेना. मोकळ्या पाठीवर वारा लागणं ही गोष्ट त्याच्या लक्षातच राहिलेली नव्हती.

वर्षभरात सांता क्लाराला नवी नोकरी लागली. तरी महिन्या-दोन महिन्यांतून एखादा बुधवार सुट्टी टाकून तो जात राहिला. आता सगळे कपडे काढत होता. नेत्राला सांगायचा, "समुद्रावर चालायला जातो, मोकळं वाटतं." यात खोटं असं काही नव्हतं. जे होतं ते सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

त्या किनाऱ्यावर कुणी कुणाला दटावत नसे. दोनच गोष्टी चालत नसत, रोखून पाहणं आणि कॅमेरा. लोकांना तिथे खरा राग कुणाचा असेल तर कड्यावरच्या माणसांचा. वरच्या झुडपांत पोटावर झोपून, दुर्बिणी नाहीतर लांब लेन्स लावून खाली टक लावणारे पुरुष. डोरोथीला काच चमकलेली दिसली की ती उभी राहून दोन्ही हात हलवायची आणि मोठ्यानं शिव्या घालायची. "आपण त्यांना दिसलेलं चालतं," ती विनयला म्हणाली होती, "त्यांचं तोंड आपल्याला दिसलेलं मात्र चालत नाही."

ऑगस्ट दोन हजार चारमधली गोष्ट. मंडळाचा गणपती महिन्यावर आला होता. मुलांचं नाटक दरवर्षीप्रमाणे विनय बसवत होता. पोरांना मराठी उच्चार शिकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या बुधवारी दुपारी वर काच चमकली, डोरोथीनं आरडाओरडा केला, आणि विनय कपडे चढवून निघाला. पायवाट वळण घेत कड्यावर चढते तिथेच झुडपाआड एक माणूस पालथा पडलेला त्याला दिसला. हातात लांब लेन्सचा कॅमेरा. पावलांचा आवाज ऐकून तो दचकून उठला.

अनिल कोतवाल. मंडळाचा सेक्रेटरी.

"अरे विनय! तू इकडे कुठे?" अनिलच्या गुडघ्यांना माती लागली होती.

"तू इथे काय करतोयस?"

"पक्षी रे. पेलिकन. बर्डिंग सुरू केलंय सध्या." बोलता बोलता त्यानं कॅमेरा पाठीमागे नेला. मग त्याची नजर विनयच्या ओल्या केसांवर, खांद्यावरच्या टॉवेलवर आली आणि तिथून खाली किनाऱ्याकडे गेली. विनयला कळून चुकलं की यानं आपल्याला आधीच पाहिलंय. मघापासून पाहतोय.

अनिलनं गुडघ्यांची माती झटकली.

"हे बघ यार," अनिल शेवटी म्हणाला, "तू मला पाहिलं नाहीस, मी तुला पाहिलं नाही. विषय संपला."

"मला कुणाला काही सांगायचं नाहीये," विनय म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

त्याला वाटलं, खरंच संपला. इथेच तो चुकला. आपलं बिंग दुसऱ्याच्या हातात आहे या विचारानं ज्याला झोप लागत नाही तो माणूस स्वस्थ बसत नसतो. जो आधी बोलतो तो साक्षीदार ठरतो आणि मागून बोलणारा आरोपी, एवढं व्यवहारज्ञान अनिलकडे होतं.

पुढच्या तालमीला दोन मुलं आली नाहीत. त्याच्या पुढच्या तालमीला पाच. आयांचे निरोप येत, स्विमिंग आहे, पियानो आहे. विनयच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. प्रकाश पडला तो शुक्रवारी संध्याकाळी, नेत्रा सामानाच्या पिशव्या घेऊन घरात आली आणि त्या ओट्यावर आपटून उभी राहिली तेव्हा.

"मंडळातली सुलेखा भेटली इंडियन स्टोअरमध्ये," ती म्हणाली. "मसाल्यांच्या रॅकपाशी. मला विचारते, नेत्रा, तुझं सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, विनय नागड्यांच्या बीचवर जातो म्हणे."

विनयनं कलंडलेली पिशवी सरळ केली.

"खरं आहे?"

"हो."

"कपड्यांशिवाय?"

"हो."

"बायका पण असतात?"

"असतात. पण नेत्रा, तिथे कुणी कुणाकडे पाहत नाही."

"कुणी पाहत नाही तर सुलेखाला कसं कळलं?" तिचा आवाज फाटला. "सगळ्या फ्रीमाँटला कळलंय. एकटी मी उरले होते."

"तुला वाटतं तसं तिथे काही नसतं. शपथेवर सांगतो."

"मला काय वाटतं ते तुला माहीत तरी आहे का? बारा वर्षं झाली लग्नाला. तू माझ्यासमोर बनियन काढत नाहीस. औषध लावायचं तरी बाथरूमला कडी लावून लावतोस. मी म्हणायचे, असू दे, याला लाज वाटते, दुखवायला नको. आणि तू ती पाठ घेऊन तिकडे जाऊन परक्या लोकांत झोपतोस? त्यांची नाही लाज वाटत? माझीच वाटते?"

परक्यांची लाज वाटत नाही, कारण ते परके आहेत, हे त्याला ठाऊक होतं. पण ते बायकोला कसं सांगायचं? दारात अंतरा उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. "आय डोन्ट वॉन्ट टू बी इन द प्ले," एवढं म्हणून ती जिना चढून गेली.

शनिवारी दुपारी कमिटीची मीटिंग अनिलच्याच घरी होती. नेत्रा आली नाही. विनय गेला तेव्हा हसणं एकदम थांबलं आणि सोफ्यावर बसलेल्यांनी सरकून त्याला गरजेपेक्षा जास्त जागा करून दिली. अनिलची बायको दीपा चहाचा ट्रे फिरवत होती. गिरीश खजिनदार होता, सुलेखाकडे सांस्कृतिक कार्यक्रम होते, आणि मधल्या खुर्चीत गुरुदत्त काका बसले होते. काका सत्तरच्या दशकात आलेले डॉक्टर, आता निवृत्त. त्यांचा शब्द मंडळात शेवटचा.

अनिलनं घसा साफ केला. "विषय नाजूक आहे. मी फोटोग्राफीसाठी कोस्टवर गेलो होतो, तेव्हा योगायोगानं जे दिसलं ते कमिटीच्या कानावर घालणं माझं कर्तव्य होतं. पर्सनल काही नाही."

"कसले फोटो काढायला गेला होतास, अनिल?" विनयनं विचारलं.

"पक्ष्यांचे."

"मग दाखव की. पेलिकनचा एक फोटो दाखव सगळ्यांना."

दीपाच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला. अनिलचे कान लाल झाले. "विषय तो नाहीये."

"विषय तोच आहे. हा झुडपात पालथा पडून खालच्या बायकांचे फोटो काढत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी कुणाचं काय बिघडवलं होतं? मी वाळूत पडून पुस्तक वाचत होतो."

क्षणभर विनयला वाटलं, आता यांच्या डोक्यात शिरेल. मग गिरीश हात झटकून म्हणाला, "अरे पण अनिलच्या अंगावर कपडे होते ना!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. भलताच अवघड होऊ पाहणारा प्रश्न गिरीशनं एका वाक्यात सोपा करून दिला होता.

"आणि मुलांचा विचार नको करायला?" सुलेखा म्हणाली. "लहान लहान मुलं याच्या हाताखाली नाटक करतात. असा माणूस..."

"असा म्हणजे कसा?" विनय उठून उभा राहिला. "बोल ना. अर्धवट सोडू नकोस. मुलांचं नाव घेऊन तू काय सुचवतेयस?"

"माझ्यावर ओरडायचं काम नाही!"

गुरुदत्त काकांनी हात वर केला. "बस, विनय. बस आधी." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मला याच्या त्वचेच्या त्रासाची कल्पना आहे. या आजारात ऊन घ्यायला सांगतात, मीही पेशंट्सना सांगत असे. डॉक्टरांच्या सल्ल्यानं गेला होता, उपचाराचा भाग होता, पुन्हा जाणार नाही, असं त्यानं इथे सांगावं. मिनिट्समध्ये घेऊ आणि विषय मिटवू. काय?"

मदतीचा हात होता तो. खोलीतल्या चेहऱ्यांवर पहिल्यांदाच थोडी दया आली. बिचारा, आजारी आहे. विनयला ते चेहरे ओळखीचे वाटले. साताऱ्याच्या शाळेतल्या बाई त्याला शेवटच्या बाकावर वेगळं बसवताना असाच चेहरा करायच्या.

"काका," तो म्हणाला, "उन्हासाठी गेलो होतो हे खरं. पण आता मी जातो ते मला बरं वाटतं म्हणून. उद्या सगळे चट्टे गेले तरी जाईन."

काकांनी हात खाली घेतला. "मग आमचा नाइलाज आहे."

नाटक गिरीशच्या बायकोकडे गेलं. रविवारचा मराठीचा वर्गही त्याच्याकडून काढून घेतला. बाहेर पडताना कुणी त्याला 'येतो' म्हणू दिलं नाही. दार लावायला दीपा आली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती वळून जिन्याकडे, वरच्या खोलीकडे पाहत होती.

घरी नेत्रा डायनिंग टेबलाशी बसली होती. "काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. ती भिंतीकडे पाहत ऐकत होती. कॅमेऱ्याचं आलं तेव्हा तिनं मान वळवली. शुक्रवारपासून पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"त्यानं फोटो काढलेत? तुझे?"

"काढले असतील."

"आणि ते त्याच्याकडे आहेत? आत्ता?"

"असतील."

तिनं किल्ल्या उचलल्या. विनयला वाटलं, ही आता घर सोडून निघाली. तो मागोमाग धावला आणि गाडीत तिच्या शेजारी बसला. ती त्याला उतर म्हणाली नाही.

अनिलच्या दारात तिनं बेलवरचं बोट काढलंच नाही. दार अनिलनं उघडलं. मागे बाकीचे सगळे निघून गेलेले, टीपॉयवर चहाचे कप तसेच पडलेले.

"कॅमेरा आण," नेत्रा म्हणाली.

"नेत्रा, हे बघ, तू आत्ता अपसेट आहेस..."

"कॅमेरा आण, अनिल."

"ती माझी पर्सनल प्रॉपर्टी आहे. आणि तुझा नवरा तिथे काय करत होता ते आधी..."

तेवढ्यात दीपा जिना उतरून आली. कॅमेरा तिच्या हातात होता. तिचे डोळे सुजलेले होते. नवऱ्याच्या शेजारून पुढे येऊन तिनं तो नेत्राच्या हातात ठेवला. "आत्ताच पाहिले मी," ती म्हणाली. "पक्षी एकही नाही."

नेत्रानं उंबऱ्यातच कॅमेऱ्याचा पडदा सुरू केला आणि एकेक फोटो पुढे सरकवत गेली. विनय तिच्या मागे उभा होता. बायका होत्या. पाण्यात शिरणाऱ्या, केस पुसणाऱ्या, झोपलेल्या. डोरोथी होती, हात वर करून शिव्या घालणारी. आणि मग एक माणूस आला. पालथा पडलेला, पुढ्यात पुस्तक, पायाची बोटं वाळूत रुतवलेली. लेन्स चांगली असावी, कारण पाठीवरचा एकेक चट्टा स्पष्ट दिसत होता. नेत्रा त्या फोटोवर थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनं कार्ड खटकन काढून मुठीत घेतलं.

"ही चोरी आहे," अनिल म्हणाला. "मी कम्प्लेंट करू शकतो."

"कर ना. ही पाठ माझ्या नवऱ्याची आहे असं सांगेन मी पोलिसांना. तू काय सांगणार?"

घरी येऊन तिनं ओट्याखालून लोखंडी खलबत्ता काढला, आईनं लग्नात दिलेला, आणि ते कार्ड त्यात घालून कुटायला लागली. घाव घालत होती, पण विनयकडे पाहत नव्हती.

"हे तुझ्यासाठी नाही करत मी," ती म्हणाली. "गैरसमज नको."

"बरं."

"त्या फोटोत कसा पडला होतास तू. पाय पसरून." आणखी एक घाव. "या घरात एकदाही तसा पडला नाहीस. एवढं काय वाईट वागले रे मी?"

गणपती आले आणि गेले. अनिलनं आरतीनंतर मायक्रोफोन हातात घेऊन सगळ्या देणगीदारांचे आभार मानले. दीपा त्या वर्षी आली नाही, तिला बरं नाही असं अनिल सांगत होता. सबनीसांकडून कुणी गेलं नाही, आणि का आला नाहीत असं विचारायला एकाचाही फोन आला नाही. अंतराच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं यायचं राहिलं. शाळेत ती कुणाशी तरी मारामारी करून आली आणि कशावरून ते आईबापांना सांगेना.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी विनय किल्ल्या घेऊन दाराशी गेला तर नेत्रा जॅकेट घालून उभी. हातात घडीची खुर्ची.

"मी पण येतेय. ज्याच्यावरून लोक आपल्याला हसतात ती जागा मला एकदा बघायचीय."

सगळा रस्ता ती खिडकीबाहेर पाहत होती. कडा उतरताना त्यानं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. खाली आल्यावर एका नागव्या म्हाताऱ्यानं अगदी अदबीनं "गुड मॉर्निंग, मॅम" केलं. नेत्रा समुद्राकडे पाहत राहिली. डोरोथीनं लांबून हात हलवला. नेत्रानं खुर्ची उघडली, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बसली.

"घाण आहे," ती म्हणाली. "शेवाळाचा वास येतोय. आणि थंडी केवढी आहे."

विनयनं टॉवेल पसरला आणि त्यावर शर्टासकट बसला. शर्ट काढायला हात जाईना. त्याचे डोळे राहून राहून कड्याकडे जात होते. त्या दिवसानंतर तो एकदाच इथे आला होता, आणि तेव्हाही असंच झालं होतं. झुडूप हललं की तो मान वर करून पाहायचा. उताणा पडला तर वर कोण आहे हे दिसायचं, पालथा पडला तर वरचा आपल्याला पाहतोय असं वाटायचं. अर्ध्या तासात उठून घरी गेला होता. अनिलनं मुलांचं नाटक नेलं ते एक वेळ ठीक, पण त्यानं हेही नेलं होतं.

नेत्रा त्याच्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होती. "मग? काढ की. याच्यापायी सगळं घालवून बसलास ना?"

"जमत नाहीये."

"का? माझ्यामुळे?"

"नाही. वरच्यांमुळे."

तिनं मान वर करून कड्याकडे पाहिलं. तिथे खरोखरच कुणीतरी होतं. टोपी घातलेला एक माणूस, झुडपाच्या कडेला उकिडवा बसलेला. नेत्रा उठली. तिनं खुर्ची उचलून उलटी फिरवली, पाठ समुद्राकडे आणि तोंड कड्याकडे. मग बसलीच नाही. कमरेवर हात ठेवून, पापणी न हलवता, त्या माणसाकडे पाहत उभी राहिली. किनाऱ्यावरच्या सगळ्या नागव्या माणसांत ही एकटी गळ्यापर्यंत कपडे घातलेली बाई. तो माणूस जरा इकडे सरकला, जरा तिकडे सरकला. शेवटी उठला आणि झाडीत दिसेनासा झाला.

"मला हे आवडलेलं नाही," ती न वळता म्हणाली. "हे लोकही नाही आणि तुझं लपवणंही नाही. कधी आवडणारही नाही."

"माहीत आहे."

"मग गप्प पड. मी वर बघतेय."

विनयनं शर्टाचं पहिलं बटण काढलं.